चुका कुठं गेल्या?

चिखली,
गुरुवार, ता. १४ नोव्हेंबर १९६८

सौ. मनकर्णेस,

थोरल्या नणंदेचा आशीर्वाद. तुला तो नको असला तरी पोस्टाने आलेला आशीर्वाद परत पाठवायची सोय नाही, तेव्हा ठेवून घे.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो मी नोकरीत होते तेव्हाही दुखत होता, निवृत्तीशी त्याचा संबंध नाही. शेजारच्या कौशल्याबाईने काल अंबाडीची भाजी आणून दिली. मीठ जास्त होते, मी खाल्ली. तुमच्याकडे कापसाची पहिली वेचणी झाली असेल. उत्तमचे कार्ड पोचले. सहा ओळींत चार चुका आहेत आणि 'वेचणी' हा शब्द त्याने दोन जागी दोन तऱ्हेने लिहिला आहे, म्हणजे एक तरी बरोबर निघावा असा हिशेब असेल. मजकूर कळला.

या वर्षी भाऊबीज पोस्टाने झाली. उत्तम पाळण्यात होता तेव्हापासून मी त्याला ओवाळते आहे, एक वर्ष चुकले नव्हते. या खेपेस कागदाच्या पुडीत कुंकू घालून पाठवले. तू त्याला ते लावलेस की तसेच देव्हाऱ्यात ठेवलेस, हे कार्डात लिहायला जागा होती, पण त्याने लिहिले नाही.

त्याने लिहिले आहे की वत्सला आता बोलते. (तुम्ही वच्छी म्हणता. मी म्हणत नाही.) किराण्याची पुडी सोडवली की तो कागद सरळ करून ती तुला वाचून दाखवते, त्यावर जुनी बातमी असो की तेलाची जाहिरात. वाचून आनंद झाला. हे वाक्य मी आज दुसऱ्यांदा लिहिते आहे. पहिला कागद फाडला. आनंद झाला हे खोटे नाही, पण त्याच्या आधी दुसरे काहीतरी झाले. पाच वर्षे मी तिला मोठ्याने वाचायला शिकवले, स्वल्पविरामापाशी श्वास घ्यायला शिकवले, आणि ते ऐकायचे भाग्य जिऱ्याच्या पुडीला.

तुला वाचता येत नाही. उत्तम दिवसभर शेतात. तेव्हा हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, आणि वाचणारीला तर आहेच. म्हणून जपून लिहायचे ठरवले आहे. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. ती लेखणीतही उतरते. होईल तेवढे जपेन.

आत्ता साडेदहा झाले. खामगावकडची एस.टी. उंद्रीला येऊन गेली असेल आणि डॉक्टरांची ती सुगराबी उतरली असेल. खांद्याला खाकी पिशवी, डोक्यावर पदर, पायात टायरच्या तळाच्या चपला. दाराशी येऊन "मनकर्णाबाई, आहा का घरात?" असे विचारत असेल, जसे काही तू घरात नसशील तर ती परत जाणार आहे.

सुगराबीबद्दल मला जे वाटते ते मी आजवर तुमच्यापुढे बोलले नाही. दर गुरुवारी तिच्यापुढे तुम्ही सगळ्यांनी आपापली बाजू सांगितली. उत्तमने सांगितली, रडला. तू सांगितलीस. माझी राहिली. तुम्हाला माहीत असलेलेच मी पुन्हा लिहीन, पण या खेपेस माझ्या बाजूने.

वत्सलाला मी मागून घेतले होते. पाचवीत होती. उंद्रीला मुलींच्या शिक्षणाची काय सोय आहे, असे मी उत्तमला म्हणाले आणि तुला काही विचारले नाही. तू तिच्या परकराची घडी करत होतीस, ती तशीच हातात धरून उभी राहिलीस, एवढे आठवते. आईने माझे नाव कोकिळा ठेवले. कोकिळा आपले अंडे दुसऱ्याच्या घरट्यात टाकते म्हणतात. माझे उलटे झाले, मी दुसऱ्याच्या घरट्यातले उचलून आणले. लग्न केले नाही, पस्तीस वर्षे मुली शिकवल्या, एकही माझी नव्हती. ही माझी होईल असे वाटले. तू तिला जन्म दिलास, मी तिला ऱ्हस्व-दीर्घ दिले.

मग या श्रावणात ते झाले. सकाळी कौशल्याबाई पाणी आणायला गेली तर वत्सला विहिरीच्या पायरीवर उभी होती, घागर नव्हती, कळशी नव्हती. कौशल्याबाई शहाणी बाई, हाका मारल्या नाहीत, जवळ जाऊन हाताला धरले आणि घरी आणले. त्या दिवसापासून वत्सलाने तोंड उघडले नाही. जेवण सोडले. मी विचारले, समजावले, रागावले, डोक्याला तेल लावले. ती भिंतीकडे बघत बसे. उत्तम आला आणि तिला उंद्रीला घेऊन गेला. गावाने सैलानीच्या दर्ग्यावर न्या म्हटले. अकोल्याच्या डॉक्टरांकडे न्यायचे मी सांगितले, हे विसरू नये. त्या डॉक्टरांनी पोरीला ठेवून घेतले नाही. म्हणाले, हिचे दुखणे हिच्या एकटीचे नाही, हिला तुमच्यातून काढून बरी करून दिली तरी परत तुमच्यातच यायची आहे. माझी बाई दर गुरुवारी घरी येईल, आणि हिच्या जेवणाखाणाशी, शिक्षणाशी ज्याचा ज्याचा संबंध आहे त्या सगळ्यांनी बसायचे.

मला वाटले कोणी शिकलेली येईल. आली साखरखेर्ड्याची सुगराबी.

मी तिला पहिल्याच दिवशी शिक्षण विचारले. "सातवी. मंग सुईणीचं. मंग डॉक्टरसाहेबानं शिकवलं थे," म्हणाली. मी अमरावतीला सिस्टरांच्या शाळेत शिकले, बी.ए., बी.टी. झाले, हे तिने विचारले नाही. मी सांगितले. "मंग तर तुमच्यापाशी शिकाले भेटन," असे म्हणाली आणि तुझ्याकडे वळून विचारले, घरात निवडायची तूरदाळ आहे का. तू सूप आणलेस. पाचजण सुपाभोवती बसलो. हात चालते असले की माणसाला बोलता येते, हात रिकामे असले की माणूस दुसऱ्याचे तोंड बघत बसतो, ही तिची विद्या.

आणि तो नियम. ज्याला विचारले त्यानेच बोलायचे. वत्सलाला विचारले तर वत्सलाने. ती नाही बोलली तर कोणीच नाही. तिच्या वतीने जो तोंड उघडेल त्याच्यापुढे दाळीतला एक खडा ठेवायचा.

तिने वत्सलाला विचारले, झोप लागते का. मी सांगितले, लागत नाही. खडा. भूक लागते का. तिला लहानपणापासूनच भूक कमी. खडा. ह्या रंगाचं लुगडं आवडते का आत्याचं? आता यावर तरी मी बोलू नये? खडा. दोन तासांनी उत्तमपुढे दोन खडे होते, तुझ्यापुढे पाच, माझ्यापुढे तेवीस. सुगराबीने ते ओंजळीत उचलले आणि म्हणाली, "बाई, तुमच्या वाटची दाळ कोणी खाऊ नये, दात पडतीन."

तू पदराआड हसलीस. मी पाहिले. पण तुझे काय, तू इतक्या वर्षांचा वचपा काढत होतीस. वत्सला हसली. आवाज नाही, ओठ नुसते हलले. विहिरीवरून आणल्यानंतरचे तिचे पहिले हसू, आणि ते त्या बाईमुळे, माझ्यावर.

येताना एस.टी.त मला लोकांनी जागा दिली, मी बसले नाही. इतका राग होता.

दुसरी गोष्ट कपाची. पहिल्या दिवशी तू सुगराबीला चहा दिलास तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप धुऊन वेगळा पालथा घातलास. मी तुला मागच्या पडवीत नेऊन चांगले सुनावले. माणसामाणसांत असा भेद करतेस, लाज वाटत नाही का, वगैरे. ते सगळे बरोबर होते, त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. तिसऱ्या गुरुवारी तू तिला घरातल्या पितळी पेल्यात चहा दिलास, ज्यात तू पितेस, उत्तम पितो, वत्सला पिते. मला आनंद व्हायला हवा होता. मी माझ्या हातातला कप पाहिला. निळ्या फुलांचा, बशीसकट, पाहुण्यांचा. इतकी वर्षे मी त्याच घरची लेक आहे आणि तू मला कायम त्याच कपात चहा दिलास. तीन गुरुवारांत ती पेल्यापर्यंत पोचली.

सिस्टर सांगत, मत्सर हे मोठे पाप आहे. त्यावर उपाय एकच सांगत, शंभर वेळा लिहून काढा. ते करून पाहिलेले आहे. अक्षर सुधारते.

चौथ्या गुरुवारी तिने विचारले, वच्छी चिखलीला होती तेव्हा घरी काही कळवत होती का. तू उठून मोठ्या अभिमानाने ट्रंक उघडलीस आणि पत्रांचा गठ्ठा काढलास. पाच वर्षांची, दर शनिवारची, सुतळीने बांधलेली. तुला एक अक्षर वाचता येत नाही आणि तू ती तारखेच्या क्रमाने लावली होतीस, कशी ते मी आजवर विचारले नाही. सुगराबी ओळीखाली बोट धरून वाचू लागली. एक झाले, दुसरे झाले. मधली काढली, जुनी काढली, शेवटी सगळ्यांत वरचे पुन्हा घेतले. मी दाळ निवडत होते, पण लक्ष तिकडेच होते.

"बाई, अक्षर तर मोत्यावानी हाये," ती म्हणाली. "एकाही चिठ्ठीत चूक नाही."

मी म्हणाले, "माझ्या घरातून चुकीचे पत्र बाहेर जात नाही."

"हे पह्यलं पत्र, तवा पोरगी दहा वर्साची होती. तवाबी नाही." तिने गठ्ठ्यावर हात ठेवला. "मंग चुका कुठं गेल्या?"

दुरुस्त झाल्या, असे मी सांगितले. प्रश्नच मूर्खपणाचा होता. तिने गठ्ठा पुन्हा सुतळीने बांधला. वत्सला उठली आणि मागच्या दाराने गेली. सुगराबी तिच्यामागून गेली. अर्धा तास दोघी गोठ्यामागे होत्या. माझ्यापुढे त्या दिवशी फक्त तीन खडे होते. मला वाटले, आज मी जिंकले.

मग दसऱ्यानंतरचा गुरुवार. तो तुला मी काय सांगावा. पण माझी बाजू सांगते.

तू भाकरी थापत होतीस. उत्तम, मी, सुगराबी आणि वत्सला ओळीने बसलो होतो. पिठले होते. वत्सलाने ताटातली भाकरी संपवली, हीच मोठी गोष्ट होती, आम्ही सगळे न पाहिल्यासारखे करत होतो. आणि ती म्हणाली, "माय, मले अजून अर्धी दे."

दोन महिन्यांनी घरात तिचा आवाज झाला. उत्तमचा घास हातात राहिला. तुझी तव्यावरची भाकरी करपायला लागली, तुझे लक्ष नव्हते.

आणि मी म्हणाले, "मला."

एवढेच. एकच शब्द. विचार करून म्हणाले नाही, शिंक यावी तसा आला. पस्तीस वर्षे 'मले'ला 'मला' म्हणते आहे, समोर कोण आहे हे जीभ पाहत नाही. वत्सलाने मान खाली घातली. अर्धी भाकरी तू वाढलीस, ती तिने खाल्ली नाही. हात धुऊन आत गेली आणि दार लावून घेतले. मी सुगराबीकडे पाहिले, ती खडा उचलेल म्हणून. तिने उचलला नाही. त्या दिवशी तिने माझ्यापुढे शंभर खडे ठेवले असते तर मला बरे वाटले असते.

ती मला एस.टी.पर्यंत पोचवायला आली, ते तू दारातून पाहिलेस. काय बोलणे झाले ते तुला माहीत नाही. तू विचारलेस, तेव्हा गुडघ्याचे औषध सांगत होती असे मी उत्तमबरोबर कळवले. ते खोटे होते.

ती म्हणाली, "बाई, आता पोरगी बोलावीन तवाच या."

मी म्हणाले, ती मला बोलावणार नाही, आणि तुम्ही तसेच व्हावे म्हणून येता.

तिला राग आला नाही. रागावली असती तर मला तिच्याशी भांडता आले असते. म्हणाली, "मागच्या गुरुवारी गोठ्यामागं तिनं मले एक गोष्ट सांगितली. श्रावणातल्या चिठ्ठीची. मी हे कोणाले नाही सांगणार, तिच्या मायलेबी नाही. ते तुमचं हाये, बाई. तुमच्या तोंडानं निघू द्या."

म्हणजे 'मले अजून अर्धी दे' हे वत्सलाचे पहिले बोलणे नव्हते. पहिले बोलणे आठवडाभर आधीच झाले होते, गोठ्यामागे, तिच्याशी. मी गाडीत बसले. कंडक्टरने दोनदा विचारले कुठे जायचे, तेव्हा चिखली आठवले.

आज पाचवा गुरुवार मी इथे बसून आहे. मनकर्णे, मी जळते. शुद्ध मराठीत याला मत्सर म्हणतात, पण जळणे हाच शब्द बरोबर आहे. त्या बाईने माझ्या घरात शिरून माझी मुलगी नेली, तीही सातवी शिकलेल्या बाईने, 'थे' आणि 'तवा' म्हणत. पाच वर्षांत जे मला सांगितले नाही ते तिला चार गुरुवारांत सांगितले. हेच मी पाच आठवडे घोकते आहे. भाजी चिरताना, देवापुढे, झाडलोट करताना, हेच.

आता ती श्रावणातली चिठ्ठी.

वाचणाऱ्या मुली, इथे तू थांबशील. थांब. पाणी पी. इथून पुढचे आईला मोठ्याने वाचून दाखवायचे, की मनात वाचायचे, की कागद घडी करून चुलीत घालायचा, हे तू ठरव. तुझ्या वतीने मी ठरवणार नाही. आईला कळले पाहिजे हे खरे, पण ते तुझ्याच तोंडून निघावे असे नाही. तू नाही वाचलेस तर मी समोर बसून सांगेन.

मनकर्णे, ट्रंकेत सगळ्यांत वर जे पत्र आहे, 'मी येथे सुखरूप आहे. अभ्यास उत्तम चालला आहे. माझी काळजी करू नये,' ते वत्सलाच्या हाताचे आहे. मजकूर तिचा नाही. माझा आहे.

आमच्याकडे शनिवारी दोन कागद होत. एक कच्चा, तो ती माझ्या टेबलावर आणून ठेवी. मी तांबड्या शाईने चुका काढी. मग ती पक्का लिही, तो तुला येई. तुझ्या त्या गठ्ठ्यातले प्रत्येक पत्र असे गाळून आलेले आहे. सुगराबीने विचारले ना, चुका कुठं गेल्या. माझ्या कपाटात गेल्या. सगळे कच्चे कागद माझ्याकडे आहेत, प्रगती दाखवायला ठेवले होते.

श्रावणातल्या त्या शनिवारी कच्च्या कागदावर चारच ओळी होत्या. 'माय, मले इथं करमून नाही राह्यलं. मले झोप येत नाही. हिरीवर गेली की मले माहीच भेव वाटते. मले घ्यायले ये.'

मी चारी ठिकाणी 'मले' खोडून 'मला' केले. 'हिरीवर'चे 'विहिरीवर' केले. 'माहीच भेव'ला 'माझेच भय' लिहिले. 'घ्यायले' दुरुस्त केले. सगळे शुद्ध झाल्यावर खाली लिहिले, 'असे घरी कळवू नये. आईला घोर लागतो.' आणि पक्का मजकूर मी तोंडी सांगितला. तिने लिहिला. एकही चूक केली नाही. दहाव्या दिवशी कौशल्याबाईने तिला हाताला धरून आणले.

मी अर्थाकडे पाहिलेच नाही, नुसत्या चुका पाहिल्या, असे मी तीन महिने स्वतःला सांगत होते. माझ्या वयाच्या मास्तरणीचे असे होऊ शकते, लोकांनाही पटले असते. पण ते खरे नाही. मी वाचले. विहिरीचेही वाचले, आणि पोरींना काय, पाणी वाहायचा कंटाळा, असे म्हणून पुढच्या ओळीवर गेले. पुढची ओळ 'मले घ्यायले ये' होती. ती तुझ्यासाठी होती, मनकर्णे. पाच वर्षे मी तिच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसले, आणि तिला न्यायला यायचे ते तू. तेव्हा सुगराबीचे मी नावही ऐकले नव्हते. जळत होते ते तुझ्यावर. व्याकरण मी वरून पांघरले.

अमरावतीला रविवारी आमचीही पत्रे सिस्टर आधी वाचत. दहा वर्षांची असताना मीही एकदा बाबांना लिहिले होते, 'मले न्या.' तो कागद परत आला, पक्का लिहिला, बाबांनी तो गावात चार जणांना दाखवला, पोरगी किती शुद्ध लिहिते म्हणून. हे सबब म्हणून सांगत नाही. उलट आहे. ज्याला ठाऊक होते त्याने तर करायला नको होते.

परवा मी तो कच्चा कागद कपाटातून काढला. पाच गुरुवार घरी बसले नसते तर काढला नसता, हे श्रेय त्या बाईला द्यावे लागेल, देते. कागद पुढे घेऊन बसले, लेखणी जवळ नव्हती, त्यामुळे नुसते वाचावे लागले. आणि वत्सला, माझ्या एक गोष्ट लक्षात आली, जी तीस मुलींच्या वर्गात मी पहिल्या दिवशी ओळखली असती.

पोस्टाची पेटी शाळेच्या वाटेवर आहे. कार्डे माझ्या उघड्या फडताळात असतात, तू हवे तेव्हा घेत होतीस. आईला कळवायचे असते तर तू कार्ड लिहून जाता जाता पेटीत टाकले असतेस, मला पत्ताही लागला नसता. शनिवारचा प्रत्येक कागद आधी मी वाचते हे तुला पाच वर्षे ठाऊक होते. तरी तू तो माझ्या टेबलावर आणून ठेवलास. उभी राहिलीस. एरवी तू कागद ठेवून बाहेर जायचीस. त्या दिवशी मी शाईत टाक बुडवून शेवटच्या ओळीतले 'मले' खोडेपर्यंत तू टेबलाशी उभी होतीस.

पत्रावर नाव आईचे होते. लिहिले होतेस तू मला.

सुगराबीला तू गोठ्यामागे सांगितलेस, त्याच्या दोन महिने आधी तू मला सांगितले होतेस. पहिल्यांदा मलाच. ज्यासाठी मी पाच गुरुवार त्या बाईवर जळले ते माझ्या टेबलावर येऊन पडले होते, आणि मी त्याच्यावर तांबडी शाई फिरवली.

तेव्हा हेही पत्र मी आईच्या नावाने लिहिले आहे. कोणाला लिहिले आहे हे तुला पहिल्या ओळीपासून कळले असेल, तू हुशार आहेस.

सोबत तो कच्चा कागद आहे. तो तुझा आहे, माझ्या कपाटात त्याचे काम नाही. बाकीचेही सगळे बांधून ठेवले आहेत. चुकांसकट ते आईच्या ट्रंकेत जावेत असे मला वाटते, पण तुला वाटेल तसे कर.

मनकर्णे, हे तुझ्यापर्यंत पोचले असेल तर तू चिडशील. माझ्या तोंडावर चीड. इतकी वर्षे पदराआड ठेवलेस ते सगळे बोल, मी मधे खडा ठेवणार नाही. सुगराबीला सांग की चुका कुठे गेल्या याचे उत्तर मी पाठवले आहे. ती मला अजूनही आवडत नाही. तिच्या पेल्यात चहा कमी घालू नकोस. आणि पुढे कधी मी तुमच्या दारात आले, तर तो निळ्या फुलांचा कप माळ्यावर टाकून दे.

बारा वाजले. आता तुम्ही सूप घेऊन बसला असाल.

एक शेवटची ओळ राहिली. ती लिहायला मला या सबंध पत्रापेक्षा जास्त वेळ लागला. आयुष्यभर जो शब्द मी कोणाच्याही कागदावर टिकू दिला नाही तो दहाव्या वर्षी माझाच होता.

वच्छे, मले तुही लय आठवण येते. मले बोलाव.

वरच्या ओळीत मी काहीही दुरुस्त केलेले नाही.

तुही,
आत्या